मोबाईलचा टायमर लावून शूटिंगची प्रॅक्टिस: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

पॅरिस 2024 ला मनू भाकरनं दोन ब्राँझ आणली अन कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मारलं, तवापासून इकडं मराठवाड्यात पण एअर पिस्तूल, एअर रायफल शिकायची हौस लय वाढलीय. पण आपल्याकडचं गणित असं की शूटिंगची रेंज जिल्ह्याच्या गावाला, लेकरू तालुक्याला किंवा खेड्यात, म्हणजे रेंजवर जाणं आठवड्यातून दोन-तीनदा जमलं तर जमलं, बाकीचे दिवस घरीच ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळी न भरता नुसता सराव. अन घरी उभं राहायचं म्हणलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, टायमरचं कोणतं ॲप टाकू?"

ॲपचं पुढं बघू, आधी टायमर कशासाठी लावायचा ते डोक्यात पक्कं बसू द्या. बरीच लेकरं समजतात की टायमर लावायचा म्हणजे फटाफट मारायची सवय करायची. 10 मीटरवाल्यानं हे डोक्यातून काढूनच टाकावं. टायमरचं खरं काम हे की शॉट लांबायला लागला की त्यानं तुम्हाला सांगायचं, बाबा आता राहू दे, पिस्तूल खाली घे, परत उचल. रेंजवर हे कोच सांगतात, घरी सांगणारं कुणी नसतं, ती जागा मोबाईलनं भरून काढायचीय, एवढंच.

का ते सांगतो. पिस्तूल उचलून टार्गेटच्या खाली आणलं, साईट (पिस्तुलावरच्या नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा) जुळली, की ती बरी स्थिर राहते ते थोडाच वेळ, साधारण पाच ते आठ सेकंद धरा. तेवढ्यात ट्रिगर दबून शॉट सुटला तर चांगला. त्याच्या पुढं गेलं की श्वास अडकलेला असतो, खांदा भरून येतो, पुढची साईट डोळ्याला नीट दिसते असं वाटतं पण खरं तर डोळा आधीचंच चित्र धरून बसलेला असतो, अन मग मनात येतं की आता मारूनच टाकावं. त्या क्षणाला ट्रिगरला झटका बसतो आणि दहापैकी सात, आठ गुणांचा शॉट जातो. नवीन लेकरू पंधरा-पंधरा सेकंद धरून उभं राहतं अन त्याला स्वतःला वाटत असतं की पाचच सेकंद झाले. आपण किती वेळ धरलं हे धरणाऱ्याला कळत नाही, म्हणून बाहेरचं घड्याळ पाहिजे.

बरं, वेळ कमी असतो म्हणावं तर तसंही नाही. 10 मीटर एअर पिस्तूल असो की एअर रायफल, आयएसएसएफ म्हणजे जागतिक नेमबाजी संघटनेच्या नियमात क्वालिफिकेशनला (फायनलच्या आधीच्या फेरीला) 60 शॉट असतात, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 75 मिनिटं मिळतात, कागदी टार्गेटवर 90 मिनिटं, अन त्याच्या आधी तयारी आणि साईटिंगची (नेम तपासायच्या, न मोजल्या जाणाऱ्या शॉटची) 15 मिनिटं वेगळी. आधी मुलींना 40 शॉट होते, 2018 पासून त्यांनाही 60 झाले. म्हणजे हिशोब करा, इलेक्ट्रॉनिकवर एका शॉटला सव्वा मिनिट पडतं. एका शॉटसाठी दोनदा पिस्तूल खाली घेतलं तरी वेळ पुरतो. शालेय स्पर्धेत जिल्हा, विभाग पातळीला शॉट आणि वेळ वेगळे ठेवलेले असू शकतात, ते तुमच्या क्रीडा शिक्षकांकडून लेखी बघून घ्या अन तसाच टायमर लावा.

आधी सेफ्टी, मग मोबाईल

हे वाचून कंटाळा आला तरी वाचा. घरी ड्राय करताना खोलीत पेलेटची (एअरगनच्या छोट्या गोळ्यांची) डबी ठेवायचीच नाही, ती दुसऱ्या खोलीत कपाटात. पिस्तूल हातात घेतलं की आधी लोडिंग पोर्ट (पेलेट भरायची जागा) उघडून डोळ्यांनी बघायचं, मग बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवूनच पुढचं सगळं. रिकामं आहे माहीत असलं तरी नळी माणसाकडं, दाराकडं, खिडकीकडं जाऊ द्यायची नाही. भिंत अशी निवडा की जिच्या मागं कुणाचं येणं-जाणं नाही. आणि खिडकीचा पडदा ओढून घ्या, कारण एअर पिस्तूल लांबून खऱ्या पिस्तुलासारखंच दिसतं, गल्लीतल्या माणसाला काय माहीत तुम्ही टार्गेटवर धरलंय का कशावर, उगं गावभर बोभाटा नको. लहान लेकराची प्रॅक्टिस असेल तर घरातलं मोठं माणूस त्या खोलीत बसलेलं पाहिजे, प्रॅक्टिस झाली की पिस्तूल केसमध्ये, केसला कुलूप, पिस्तूल रिकामं असल्याची खूण म्हणून केशरी सेफ्टी फ्लॅग लावलेला.

अजून एक, सगळ्या गन रिकाम्या मारता येत नाहीत. मोरिनी, स्टायर असल्या मॅच पिस्तुलात ड्राय फायरची सोय दिलेली असते, त्या मोडवर टाकून ट्रिगर दाबा. पण स्प्रिंगची, नळी वाकवून कॉक करायची जी साधी एअरगन असते ती पेलेट न घालता मारली की आतला पिस्टन आपटतो अन सील खराब होतं. तुमच्याकडं तसली असेल तर कॉकच करू नका, फक्त उचलणं, धरणं, खाली घेणं, एवढंच करा. त्याचाही फायदा होतो, कमी समजू नका.

ॲप कोणतं टाकायचं

प्ले स्टोअरवर शोधायला गेलात की तीन जातीची ॲप सापडतात अन नवीन माणूस हमखास चुकीचं टाकतो.

पहिली जात शॉट टायमर. हे बीप देतं आणि मग मोबाईलच्या माईकवर शॉटचा आवाज ऐकून वेळ नोंदवतं, पहिला शॉट किती सेकंदाला, दोन शॉटमधलं अंतर किती. ही ॲप मुळात प्रॅक्टिकल शूटिंगवाल्यांसाठी बनलेली आहेत, तिथं स्कोअर अन वेळ दोन्हीचा हिशोब असतो, म्हणून त्यात "स्टँड बाय" झाल्यावर 1 ते 4 सेकंदात कधीही बीप वाजायची सोय असते. आपल्या 10 मीटरला त्याचा तसा काही उपयोग नाही.

दुसरी जात पार टायमर. सुरुवातीला एक बीप, तुम्ही ठरवलेल्या सेकंदांनी दुसरी बीप. माईक लागत नाही. ड्राय प्रॅक्टिसला चालतं, पण बऱ्याच ॲपमध्ये दर वेळी हातानं परत सुरू करावं लागतं, एका हातात पिस्तूल अन दुसऱ्या हातानं मोबाईल दाबत बसायचं, त्यात सगळी लय जाते.

तिसरी जात इंटर्व्हल टायमर, जिमवाले, व्यायामवाले वापरतात ते. अमुक सेकंद काम, अमुक सेकंद आराम, असे अमुक राउंड. नवीन शूटरला माझं सांगणं हेच की हेच टाका. फुकटात मिळतं, एकदा सेट केलं की परत हात लावायचा नाही, आणि बहुतेकांत स्क्रीनचा रंग पण बदलतो, तो रंग पुढं 25 मीटरला कसा कामाला येतो ते खाली सांगितलंय.

टाकताना एवढं बघा की स्क्रीन चालू राहायची सेटिंग आहे का, सेकंद एक-एकनं बदलता येतात का, आणि बीपचा आवाज बदलता येतो का. कॉन्टॅक्ट, लोकेशन असली परवानगी मागत असेल तर देऊ नका, टायमरला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला पाहिजेत. माईकची परवानगी फक्त शॉट टायमरला लागते.

मोबाईल तयार करायचा

आधी एअरप्लेन मोड. यात दोन कामं होतात, कुणाचा फोन येत नाही अन फुकटच्या ॲपमधल्या जाहिराती बंद होतात, नाहीतर सातव्या सेकंदाला साईट जुळलेली असताना मोबाईल गाणं म्हणायला लागतो. मग बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरचं बॅटरी सेव्हर काढा. आपल्याकडं जे स्वस्तातले फोन चालतात त्यातले बरेच जण मागं चालू असलेलं ॲप स्वतःहून बंद करतात, अन तुम्ही बीपची वाट बघत धरून उभे. स्क्रीन बंद व्हायची वेळ वाढवून ठेवा. व्हॉल्यूम मीडियाचा वाढवायचा, रिंगटोनचा नाही, यात लय जणांचा घोळ होतो.

ब्लूटूथ इयरफोन घरच्या ड्रायला चालतील, पण त्यात आवाज उशिरा येतो हे लक्षात ठेवा, 0.1 ते 0.3 सेकंद सहज. इंटर्व्हलला फरक पडत नाही कारण सगळ्याच बीपला सारखाच उशीर होतो. शॉट टायमरला मात्र पडतो, ॲपचं घड्याळ आधी सुरू झालेलं असतं अन तुम्हाला बीप नंतर ऐकू आलेली असते, म्हणजे तुमची वेळ फुकटची जास्त दिसते. तिथं वायरचा इयरफोन किंवा सरळ स्पीकर.

रेंजवर मोबाईल वापरायचा असेल तर आधी कोचला विचारा. स्पीकरवर बीप वाजवली तर शेजारच्या लेनवरच्याचा शॉट जातो, त्याला काय तुमच्या बीपशी देणंघेणं. वायरचा इयरफोन एकाच कानात, आवाज बारीक, दुसरा कान मोकळा पाहिजे, कारण कोचनं "स्टॉप" म्हणलेलं त्याच सेकंदाला ऐकू आलं पाहिजे. आणि मोबाईल टेबलावर तुमच्या बाजूला, फायरिंग लाईनच्या पुढं कधीच ठेवायचा नाही. पुढं पडला तर पडू द्या, लाईन बंद होईपर्यंत उचलायला जायचं नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. परभणी-नांदेडकडं एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर, पत्र्याच्या शेडमध्ये मोबाईल तापून स्क्रीन आपोआप अंधुक होते, कधी बंदच पडतो. सावलीत ठेवा, कव्हर काढा, अन घरून फुल चार्ज करून न्या कारण लाईटचा भरवसा नाही.

10 मीटरचा घरचा सराव

भिंतीवर टार्गेट लावायचं ते लहान करून लावा. एअर पिस्तूल टार्गेटचा काळा गोल 59.5 मिलिमीटरचा असतो, तुम्ही भिंतीपासून 5 मीटरवर उभे राहणार असाल तर निम्मा, म्हणजे 30 मिलिमीटरच्या आसपासचा काळा गोल पांढऱ्या कागदावर काढा, रेंजवर दिसतो तेवढाच दिसेल. उंची पण मापून, 10 मीटरला टार्गेटचा मध्य जमिनीपासून 140 सेंटिमीटरवर असतो, घरी पण तेवढाच ठेवा म्हणजे खांद्याला तीच सवय लागते. सुरुवातीचे काही दिवस तर टार्गेट लावूच नका, कोऱ्या भिंतीवर धरा, म्हणजे नजर पुढच्या साईटवर राहते.

आता इंटर्व्हल टायमर असा भरा: काम 10 सेकंद, आराम 35 सेकंद, राउंड 20. सगळं मिळून 15 मिनिटं होतात. सुरुवातीचा तयारीचा वेळ 15 सेकंद ठेवा, मोबाईल ठेवून पायाची पोझिशन घ्यायला.

कामाची बीप वाजली की पिस्तूल टेबलावरून उचला. टार्गेटच्या वर न्या, श्वास सोडत खाली आणा, यात तीन-चार सेकंद जातात. साईट जुळायला लागली की ट्रिगरवर दाब सुरू, थांबवायचा नाही, वाढवत न्यायचा. साधारण सातव्या-आठव्या सेकंदाला क्लिक झालं पाहिजे. क्लिक झाल्यावर लगेच हात टाकायचा नाही, एक-दोन सेकंद साईट तिथंच बघत राहायचं, क्लिक होताना साईट कुणीकडं हलली ते बघायचं, यालाच फॉलो थ्रू म्हणतात.

अन आता सगळ्यात महत्त्वाचं. दहाव्या सेकंदाला बीप वाजली अन तुमचं क्लिक झालेलं नाही, तर ट्रिगर सोडून द्यायचा, पिस्तूल खाली. "एवढा जमतच आला होता" हे चालणार नाही. बीप वाजल्यावर मारलेला शॉट हा शॉटच नाही. पहिल्या आठवड्यात 20 मधले आठ-दहा राउंड असे खाली घ्यावे लागले तरी वाईट वाटून घेऊ नका, ते आठ-दहा राउंड तुम्ही शॉट सोडून द्यायला शिकताय अन मॅचमध्ये हेच लागतं. मी बघायलोय, जे लेकरू पिस्तूल खाली घ्यायला लाजत नाही त्याचा खराब शॉट पण आठच्या खाली सहसा जात नाही.

आरामाचे 35 सेकंद मोबाईलवर स्टेटस बघायला नाहीत, आणि एअरप्लेन मोड असल्यानं बघताही येणार नाही. पिस्तूल टेबलावर टेकवा, मनगट सैल सोडा, नजर लांब किंवा हिरव्या कशावर तरी न्या, दोन-तीन श्वास, पुढच्या शॉटचा विचार. पुढची बीप वाजली अन तुमची तयारी नसेल तर तो राउंड जाऊ द्या, घाईनं उचलू नका.

काम 8 सेकंदावर कधी आणायचं? 20 पैकी 16-17 राउंडमध्ये बीपच्या आधी शांतपणे क्लिक व्हायला लागलं की. आणि 8 च्या खाली 10 मीटरवाल्यानं जायचंच नाही, तिथं लेकरं परत घाई शिकतात.

होल्डिंगचा व्यायाम याच ॲपवर वेगळा सेट करून ठेवा. नवीन असाल तर धरणं 20 सेकंद, आराम 40 सेकंद, राउंड 6. यात ट्रिगर दाबायचा नाही, फक्त साईट जुळवून धरायचं. हळूहळू 30 सेकंदांपर्यंत न्या. एअर पिस्तूल 1500 ग्रॅमपर्यंत असू शकतं, दंड भरून येणारच, पण खांद्यात किंवा कोपरात टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी बंद. बारा-तेरा वर्षांच्या लेकराला होल्डिंग किती द्यायचं ते कोचनं ठरवावं, आई-बापानं मोबाईल बघून ठरवू नये.

रायफलवाल्यांनी हेच वापरायचं, फक्त काम 15 सेकंदांपर्यंत ठेवा कारण रायफल खांद्याला लावून गाल टेकवून स्थिर व्हायला वेळ जातो, बाकी नियम तोच, बीप वाजली की खाली.

रेंजवर: व्हॉइस रेकॉर्डर हाच टायमर

हे फार कमी जण करतात अन मला तरी सगळ्यात जास्त उपयोगाचं वाटतं. खऱ्या पेलेटची प्रॅक्टिस करताना बीप लावायचीच नाही. मोबाईलमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर चालू करून टेबलावर ठेवा अन 10 शॉट मारा. नंतर रेकॉर्डिंग उघडलं की आवाजाची नक्षी दिसते. पिस्तूल टेबलावरून उचललं की बारीकसा उंचवटा येतो, मग सपाट, मग शॉटचा उंच टोकदार काटा, अन त्याला चिकटून लगेच एक छोटा काटा. तो छोटा काटा म्हणजे पेलेट तिकडं ट्रॅपवर (टार्गेटमागं पेलेट अडवणाऱ्या पेटीवर) ठक करून आदळलं त्याचा आवाज. उचलल्यापासून शॉटपर्यंतचे सेकंद मोजा, वहीत लिहा, शेजारी त्या शॉटचा स्कोअर.

10 शॉटचं असं टिपण दोन-चार दिवस केलं की तुमचं तुम्हालाच दिसतं. कुणाचे दहा गुणांचे शॉट सगळे सहाव्या-सातव्या सेकंदातले अन आठ-सात गुणांचे सगळे बाराव्याच्या पुढचे निघतात. कुणाचं उलटं निघतं, चार सेकंदात मारलेले शॉट खराब, म्हणजे तो घाई करतोय. ही वही कोचला दाखवा. तुमच्या शॉटची चांगली वेळ तुमच्या वहीतून काढायची अन मग घरच्या टायमरला ती भरायची.

शॉट टायमर माईकवर लावायचाच असेल तर

एअर पिस्तुलावर त्यात अडचणी काय येतात ते ऐका. वर तो छोटा काटा सांगितला ना, तोच ॲप दुसरा शॉट म्हणून मोजतं. मॅच पिस्तुलाचं पेलेट सेकंदाला साधारण 150 मीटरनं जातं, 10 मीटर जायला 0.07 सेकंदाच्या आसपास, अन ठक आवाज परत तुमच्यापर्यंत यायला अजून 0.03, म्हणजे शॉटनंतर 0.1 सेकंदानं माईकला दुसरा आवाज. म्हणून सेटिंगमध्ये दोन शॉटमधलं कमीत कमी अंतर किंवा इकोचं जे काही दिलेलं असेल ते 0.2 सेकंद करा. शिवाय लोडिंगची लिव्हर बंद करताना खटकन वाजतं, ते पण शॉट धरलं जातं. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो, शेजारच्या लेनचा शॉट येतो, कूलर घरघरतो, जनरेटर चालू होतं. सेन्सिटिव्हिटी कमी केली तर तुमचाच शॉट ऐकू जाईना, वाढवली तर सगळ्या गावाचे शॉट तुमच्या नावावर.

तरी लावायचाच असेल तर मोबाईल पिस्तुलापासून हातभर अंतरावर, माईकचं तोंड तुमच्याकडं, खाली घडी घातलेला टॉवेल म्हणजे टेबलाचा हादरा बसत नाही. आधी गन नसताना टाळ्या वाजवून बघा, पाच टाळ्या, पाच नोंदी आल्या का. ॲपची स्वतःची बीप पहिला शॉट म्हणून धरली जात नाही ना ते बघा.

वेळ खरी दाखवतं का हे तपासायचं असेल तर दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्डर लावून पहिल्याच्या 3 सेकंदांवर लावलेल्या दोन बीप रेकॉर्ड करा अन नक्षीत अंतर मोजा. 3 सेकंदाला 3 सेकंद आले की झालं.

25 मीटरकडं जाणाऱ्यांसाठी

नवीन लेकरानं 10 मीटर नीट होईपर्यंत इकडं बघू नये, पण ज्यांना मनू भाकर किंवा आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचा इव्हेंट, 25 मीटर पिस्तूल, पुढं करायचाय त्यांना मोबाईलचा खरा फायदा इथं आहे. यात 30 शॉट प्रिसिजनचे, पाच-पाच शॉटच्या सहा सिरीज, प्रत्येक सिरीजला 5 मिनिटं. अन 30 शॉट रॅपिडचे, त्यात हात खाली 45 अंशात धरून उभं राहायचं, 7 सेकंद लाल लाईट, मग 3 सेकंद हिरवी, त्या 3 सेकंदात हात उचलून एक शॉट, परत हात खाली, परत 7 सेकंद. असे पाच शॉट म्हणजे एक सिरीज.

इंटर्व्हल टायमरला भरा: तयारी 7, काम 3, आराम 7, राउंड 5. काही ॲपमध्ये कामाला लाल अन आरामाला हिरवा रंग असतो, तो बदलून कामाला हिरवा करा, नाहीतर डोळ्याला उलटी सवय लागते. अन बीप पूर्ण बंद करा. स्पर्धेत आवाज होत नाही, लाईट बदलते. बीपवर कानानं सराव केला तर कान तयार होतो, अन कानाची प्रतिक्रिया डोळ्यापेक्षा थोडी लवकर असते, म्हणून घरी सगळं वेळेत बसतं अन रेंजवर हिरवी लाईट दिसून हात उचलेपर्यंत उशीर होतो. मोबाईल भिंतीवर टार्गेटच्या शेजारी, त्याच उंचीवर टेपनं चिकटवा, ब्राइटनेस फुल. पण नजर मोबाईलवर ठेवायची नाही, टार्गेटवरच ठेवायची, हिरवं झालेलं कडेनं दिसलं पाहिजे. 5 मीटरवर उभे असाल तर काळा गोल 100 मिलिमीटरचा काढा, कारण 25 मीटरचा रॅपिडचा काळा गोल 500 मिलिमीटरचा असतो.

हा सराव एअर पिस्तुलावर ड्राय पण होतो. हात उचलतानाच ट्रिगरचा पहिला दाब घ्यायचा, साईट टार्गेटवर आल्यावर घ्यायला लागलात तर 3 सेकंद पुरत नाहीत. पाच-सहा सिरीज केल्या की बास, दमलेल्या हातानं केलेली रॅपिड सवय बिघडवते.

मॅच जवळ आली की

मॅच चालू असताना लेनवर मोबाईल चालत नाही, इयरफोन पण नाही, मोबाईल बंद करून बॅगेत किंवा कोचकडं. म्हणून बीपची सवय लागून चालणार नाही. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात इंटर्व्हलची बीप बंद करा अन फक्त पूर्ण मॅचचं उलटं घड्याळ लावा, 15 मिनिटं साईटिंग, मग 75 किंवा तुमच्या टार्गेटप्रमाणे 90 मिनिटं, मोबाईल पाठीमागं ठेवून, म्हणजे दिसणार नाही. 10 शॉट झाले की मनात अंदाज धरा किती मिनिटं गेली, मग वळून बघा. दोन-तीन मिनिटांच्या फरकानं अंदाज बरोबर यायला लागला की मॅचमध्ये वेळेची धाकधूक राहत नाही.

फायनलपर्यंत जायची तयारी असलेल्यांनी एक दिवस फायनलचा टायमर पण लावून बघावा. पॅरिसला 10 मीटरच्या फायनलमध्ये आधी पाच-पाच शॉटच्या दोन सिरीज, प्रत्येकी 250 सेकंद, अन मग एकेक शॉट 50 सेकंदात, असं होतं. 50 सेकंदाचा राउंड लावा, मधे थोडा आराम, घरातल्या कुणालातरी शेजारी उभं करून मोठ्यानं बोलायला लावा, टीव्ही चालू ठेवा, फायनलला टाळ्या, गडबड असतेच. 50 सेकंदातही एकदा उचलून, खाली घेऊन, परत उचलायला वेळ मिळतो, तो मुद्दाम वापरून बघा, दर तिसऱ्या शॉटला पहिल्यांदा उचललेलं पिस्तूल न मारता खाली घ्या अन उरलेल्या सेकंदात परत उचलून मारा.